हेडाऊ गुरुजींचा दुखवटा

शाळा मंडळाची सभा सुरू व्हायला कोरम लागे आणि संपायला एक मयत.

ही पद्धत नेमकी कोणी पाडली, हे कोणी सांगत नव्हते. पूर्वी एखादा माजी सभासद वारला की मंडळी दोन मिनिटे उभी राहत आणि मग खाली बसून कामाला लागत. पुढे कोणाच्या तरी लक्षात आले की गेलेल्या माणसाचा मान राखायला उभे राहायचे आणि लगेच खुर्चीत बसून कागद चाळायचे, हे बरे दिसत नाही. उभे झालोच आहोत तर तसेच बाहेर जावे. तेव्हापासून दुखवट्याचा ठराव झाला की सभा तहकूब होई. शेजारच्या खोलीत नत्थू चपराशी आलुबोंडे आणि चहा मांडून ठेवी आणि शोकाकुल सभासद तिकडे वळत. तहकूब सभा पंधरा दिवसांनी पुन्हा भरे. तोवर आणखी कोणीतरी वारलेले असे. नागपूर मोठे शहर आहे.

यमुताई सोमकुवर हे सगळे १९६८ च्या फेब्रुवारीपासून सभागृहाबाहेरच्या बाकावरून पाहत होत्या. ज्या मुख्याध्यापकाचा विषय सभेपुढे असेल त्याने बाहेर हजर राहायचे, कारण सभासद माहिती विचारू शकतात, असा नियम होता. माहिती अजून कोणी विचारली नव्हती.

सक्करदऱ्याच्या तलावाजवळची मंडळाची मुलींची शाळा यमुताईंच्या हाती होती. शाळा चौथीपर्यंत. त्यांना पाचवीचा वर्ग हवा होता. सगळ्यात जवळची पाचवी महाल भागातल्या शाळेत होती आणि वस्तीतल्या आया ठाम होत्या : पोरगी मोठी झाली, इतक्या दूर नाही धाडत. मागच्या वर्षी बावीस मुली चौथी पास झाल्या, त्यांतल्या दोन महालात गेल्या. बाकीच्या वीस जणी यमुताईंना रोज जाता-येता दिसत. ओसरीवर, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने, बोटे विड्या वळण्यात गुंतलेली. त्यांतली एखादी ओळखीचे हसे आणि यमुताई पावले उचलत. यंदा एकोणीस मुली होत्या. ३१ जुलैपर्यंत पाचवीच्या हजेरीपटावर नाव चढले नाही तर त्यांचे वर्ष गेले. आणि वर्ष गेले की मुलगी गेली, हे यमुताईंना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्या स्वतः छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातल्या, त्यांच्या गल्लीतून शाळेत टिकलेल्या पहिल्या.

पाचवीचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर सातवा होता. त्याला कोणाचाही विरोध नव्हता. विरोध असता तर त्याला उत्तर तरी देता आले असते. अडचण सहाव्या विषयाची होती. तो होता टाटपट्टी खरेदीच्या चौकशीचा. मंडळाच्या शाळांना मुलांना बसायला नव्या टाटपट्ट्या मिळाल्या होत्या आणि त्या प्रत्येक शाळेत कागदावरच्या लांबीच्या निम्म्याच भरल्या. पुरवणारा गृहस्थ सभासद रुपराव चिखले यांचा साळा होता. विषय क्रमानेच घ्यायचे असा नियम, आणि सहावा घ्यायचा नाही असा सगळ्यांचा मूक निश्चय. बदल्या, बढत्या, खरेद्या ही महत्त्वाची कामे अध्यक्ष महादेवराव भुसारी यांच्या ओसरीवर, घरोघर कागद फिरवून सह्यांनी उरकली जात. सभेपुढे फक्त तेच येई जे कोणाला नको असे.

म्हणून माणसे मरत राहिली. फेब्रुवारीत एक माजी सभासद गेला. मार्चमध्ये दुसऱ्या सभासदाचे सासरे. एप्रिलमध्ये एक ठेकेदार, ज्याने मंडळाला दोन मुताऱ्या बांधून दिल्या होत्या. त्याच्या ठरावात "शिक्षणप्रेमी" असा शब्द होता. जूनच्या दुसऱ्या सभेला चारुशीलाबाईंच्या संगीतशिक्षकांचा काका पुरला. चारुशीलाबाई मंडळातल्या एकमेव बाई, धरमपेठेतल्या, आणि त्या दिवशी त्या खरोखर रडल्या.

"बाई, आज कोण मेलं ते विचारून येऊ का?" नत्थू बाकाजवळ येऊन म्हणायचा. "म्हणजे तुमाले लवकर घरी जाता येईन."

आठ जुलैच्या सभेत मात्र अघटित घडले. कोणीच वारले नव्हते.

सभागृहाचे दार दमटपणाने फुगले होते, नीट लागत नव्हते. यमुताईंना आतले सगळे ऐकू येत होते. पहिले पाच विषय म्हणजे मागचे कार्यवृत्त वगैरे. ते पाच मिनिटांत संपले. मग कागद उगाच चाळल्याचा आवाज आला.

"कोणीच नाही?" महादेवरावांनी विचारले.

"असं कसं होईन गा?" रुपराव म्हणाले. "पावसाळा लागला, सगळीकडे हगवणीची साथ चालू आहे. कोणी न कोणी असनच."

"म्हणजे आज काम करायचं?" चारुशीलाबाईंनी विचारले. त्यांच्या आवाजात भीती होती.

मंडळाचे चिटणीस देवपुजारी हे नियमांचे माणूस. नियमाबाहेर ते शिंकतही नसत. पण नियमाच्या आत राहून अध्यक्षांची सोय पाहणे हे चिटणीसाचे काम आहे, असेही त्यांचे मत होते. त्यांनी सेवानिवृत्त शिक्षकांची यादी मागवली. प्रत्येक निवृत्ताने वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचा दाखला कार्यालयात द्यायचा असतो. देवपुजारींचे बोट यादीवरून खाली सरकत गेले आणि थांबले.

"दादाजी हेडाऊ. मुक्काम कामठी. वय वर्षे ब्याऐंशी. यंदाचा हयातीचा दाखला आलेला नाही."

"ब्याऐंशी!" रुपराव म्हणाले. त्या एका शब्दात त्यांनी माणूस चितेवर ठेवला.

दाखला आला होता. तो एप्रिलमध्येच आला होता आणि आवक कारकुनाच्या टेबलाचा एक पाय आखूड असल्यामुळे इतर कागदांबरोबर घडी होऊन त्या पायाखाली गेला होता. पण ते नंतर कळले. त्या क्षणी सगळे उभे राहिले, ठराव क्रमांक एकशे बारा झाला, आणि आलुबोंड्यांचा वास व्हरांड्यात आला.

यमुताई बाकावरून उठल्याच नाहीत. सातव्या विषयाचे त्या दिवशी त्यांना भान नव्हते. हेडाऊ गुरुजींनी त्यांना चौथीत शिकवले होते. इतर वर्गांत त्यांच्या गल्लीतल्या मुली दाराशी बसत, त्या काळी. गुरुजींनी पहिल्या दिवशी छडीने पुढची रांग दाखवली आणि म्हटले होते, "तुले दुरून फळा दिसते का? मंग तिथी काहून बसली?" एवढेच. त्याबद्दल पुन्हा कधी बोलले नव्हते.

रविवारी त्या फुले घेऊन कामठीच्या बसमध्ये बसल्या.

गुरुजींचा मुलगा गोविंदा याचे घरामागे चार यंत्रमाग होते. त्यांच्या खडखडाटात बाहेरून हाक मारून उपयोग नव्हता, म्हणून यमुताई सरळ आत गेल्या. ओसरीवर बाजेवर बसून दादाजी हेडाऊ सुताच्या कांड्या भरत होते.

यमुताईंच्या हातातली पिशवी खाली पडली.

"कोण वं? यमू?" गुरुजींनी डोळ्यांवर हात धरला. "बस. भेऊ नको. तू चौथी आहेस. पोस्टमन पत्र गोविंदाच्या हातात देऊन माह्या पाया पडून गेला. लहानू सोनार दारातूनच पाहून पळाला. अन् सुनेच्या माहेरचे तर रडतच आले, त्याहिले जेवू घालून धाडलं. फुलं माह्यासाठीच आणले न?"

"हो, गुरुजी."

"मंग दे इकडे. जित्तेपणी कोणी देल्ले नाही."

यमुताई पायरीवर बसून आधी हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. गुरुजी कांडी भरत राहिले. मग त्यांनी उशाखालून मंडळाचे पत्र काढून पुढे केले. "आपल्या निधनाने शिक्षणक्षेत्राची कधीही भरून न येणारी हानी झाली आहे" या ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ होती आणि समासात लिहिले होते : कोणती हानी? एक उदाहरण द्या. खाली गुण होते, दहापैकी तीन.

"तीन कशाचे?"

"पत्ता बरोबर लिहिला." गुरुजींनी पत्र पुन्हा उशाखाली ठेवले. "तुले कसं समजलं? तू होती तिथी? मंडळात?"

यमुताईंनी सांगितले. पाचवीचे, एकोणीस मुलींचे, सातव्या विषयाचे, सहाव्या विषयाचे. मागच्या खडखडाटामुळे काही वाक्ये दोनदा सांगावी लागली. गुरुजींनी मध्ये एकच प्रश्न विचारला.

"टाटपट्टी किती कमी भरली?"

"निम्मी."

"म्हणजे निम्म्या टाटपट्टीपायी माहा जीव घेतला," गुरुजी म्हणाले. "पुढची सभा कवा आहे?"

तेवीस जुलैला ते स्वच्छ धोतर, काळी टोपी आणि छत्री अशा थाटात आले. नत्थूने त्यांना पाहून आधी नमस्कार केला आणि मग दोन पावले मागे सरला. गुरुजी दार ढकलून आत गेले.

"नमस्कार. मी दादाजी हेडाऊ. तुमचं पत्र भेटलं."

आत कोणीतरी कप बशीवर ठेवला, तो चुकला.

महादेवराव राजकारणातले जुने माणूस. सावरायला त्यांना वेळ लागला नाही. "या, या गुरुजी! आनंद आहे! अहो, ऐकीव माहिती... होते चूक."

"चूक झाली तर दुरुस्त करा. माह्या मरणानं सभा तहकूब केली होती. मी मेलो नाही. मंग राहिलेले विषय घ्या आता. मी बसतो."

एवढे सरळ बोलणे मंडळाच्या सभागृहात फार दिवसांत झाले नव्हते. सगळ्यांनी देवपुजारींकडे पाहिले. देवपुजारींनी नियमांचे पुस्तक आधीच उघडले होते.

"मंजूर झालेला ठराव सहा महिन्यांच्या आत रद्द किंवा दुरुस्त करता येत नाही," ते म्हणाले. "नियम चाळीस."

"म्हणजे?"

"म्हणजे मंडळाच्या नोंदीप्रमाणे आपण आठ जानेवारीपर्यंत वारलेले आहात."

"मी यांच्या दीर्घायुष्याबद्दल अभिनंदनाचा ठराव मांडते," चारुशीलाबाई घाईने म्हणाल्या.

"तोही नियमात बसत नाही. नोंदीने मृत असलेल्या व्यक्तीचे दीर्घायुष्य मंडळ चिंतू शकत नाही."

रुपराव आतापर्यंत छताकडे पाहत होते. सहाव्या विषयापासून वाचवणारी वाट त्यांना तिथेच दिसली असावी. "अध्यक्षमहाराज, हा कायद्याचा पेच आहे. माणूस हजर आहे की नाही हेच आपल्याले ठरवता येऊन नाही राहिलं. असल्या स्थितीत कामकाज चालवणं धोक्याचं. विधी सल्लागाराचं मत मागवा अन् तोवर सभा तहकूब करा."

अनुमोदन सहा जणांनी एकदम दिले. सभासद उठले. गुरुजी मध्येच उभे होते.

"दोन मिनिटं शांत उभं नाही राहायचं का आज?" त्यांनी विचारले. "मी आयताच आलो आहो."

सभासद त्यांना वळसा घालून शेजारच्या खोलीत गेले. नत्थूने बाहेर बाकावर त्यांना एका बशीत आलुबोंडा आणून दिला. गुरुजींनी तो चवीने खाल्ला. "स्वतःच्या तेरवीचं खाल्लेला मी पह्यलाच मास्तर असन," ते म्हणाले.

यमुताईंना हसू आले नाही. "आठ दिवस राहिले, गुरुजी. पुढची सभा ऑगस्टात आहे. संपलं हे."

"काय संपलं? खोली आहे?"

"व्हरांडा आहे."

"फळा?"

"आहे. पण मंजुरीशिवाय वर्ग चालवला तर मला घरी बसवतील. आणि शिकवणार कोण? माझ्याकडे चार वर्ग अन् तीन शिक्षिका. बाहेरचा शिक्षक आणला तर त्याच्यावर खटला करतील."

गुरुजींनी बोटे धोतराला पुसली. "माह्यावर करतीन का?"

यमुताई उठत होत्या, त्या पुन्हा बाकावर बसल्या.

"नोटीस काढाले माणूस जित्ता लागते," गुरुजी म्हणाले. "मी जानेवारीपर्यंत मोकळा आहो."

सक्करदऱ्यात गुरुजींची पुतणी शामला राहत होती. तिच्या घरी त्यांनी वळकटी टाकली. एकोणतीस जुलैला शाळेच्या मागच्या व्हरांड्यात पाचवी सुरू झाली. यमुताई स्वतः घरोघर फिरल्या होत्या. एकोणीसपैकी सतरा मुली आल्या. उरलेल्या दोघींच्या मांडीवर सूप आधीच आले होते. त्यांतली एक, गोपिका, दुसऱ्याच दिवशी सूप घेऊनच वर्गात आली आणि गुरुजींनी तिला ते व्हरांड्याबाहेर ठेवायला सांगितले. हजेरीपटावर तारीख पडली, ३१ जुलैच्या आत.

यमुताईंनी काहीही लपवले नाही. लपवणे त्यांना जमतही नसे. त्यांनी मंडळाला रीतसर अहवाल पाठवला : पाचवीचा वर्ग सुरू केला आहे, मंजुरी अपेक्षित, वर्ग श्री. दादाजी हेडाऊ, मयत, ठराव क्रमांक एकशे बारा पाहावा, हे विनावेतन चालवतात.

देवपुजारींनी तो तीनदा वाचला. बेकायदा वर्ग चालवणाऱ्या इसमाला नोटीस काढायची तर तो इसम हयात आहे असे मानावे लागत होते आणि तसे मानण्याचा त्यांना अधिकार नव्हता. मुख्याध्यापिकेला निलंबित करायचे तर मंडळाची संमती हवी होती. त्यांनी तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला. आठवा म्हणून. सहाव्याच्या आणि सातव्याच्या मागे.

त्यानंतर यमुताईंना शहरातल्या मयतांची काळजी वाटेनाशी झाली. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत मंडळाने आणखी दहा जणांचा शोक केला. आठवा विषय सुरक्षित होता. सहाव्या विषयाला घाबरणारे सभासद दर पंधरवड्याला, काहीही न कळता, यमुताईंच्या पाचवीचे रक्षण करत होते. बाकावर बसून आतल्या खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज आला की त्या पिशवी उचलत आणि शाळेत परतत. तिकडे गुरुजी व्हरांड्यात अपूर्णांक शिकवत असत. त्यासाठी ते टाटपट्टी वापरत. "मंडळानं पूर्ण मागितली. आली किती? बोला."

"एक छेद दोन," अठरा मुली ओरडत.

जानेवारीत विधी सल्लागाराचे मत आले. ते तीन पानांचे होते आणि त्याचा सारांश असा की ठराव क्रमांक एकशे बारा पूर्णपणे वैध आहे. तो रद्द करण्याचा प्रस्ताव आता आणता आला असता. तो आणला गेला. नववा विषय म्हणून.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी, शामलाच्या ओसरीवर सहामाहीच्या जुन्या उत्तरपत्रिका मुलींना परत द्यायला लावत असताना दादाजी हेडाऊ वारले. या वेळी खरोखर. कामठीहून गोविंदा आला, माग दोन दिवस बंद राहिले. यमुताई फुले घेऊन गेल्या. मुलींपैकी कोणी घरी थांबली नाही, सगळ्या आल्या.

चार दिवसांनी सभा होती. यमुताईंनी एका कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि नत्थूच्या हाती आत पाठवल्या. त्या दिवशीही शहराने मंडळाला दगा दिला होता. कोणाचेच नाव हाताशी नव्हते. रुपरावांनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. ते ताबडतोब उभे राहिले. त्यांच्यामागे महादेवराव, चारुशीलाबाई, सगळे.

"अध्यक्षमहाराज, कळवताना अतिशय दुःख होते, की आपले हेडाऊ गुरुजी..."

"झालाय," देवपुजारी म्हणाले.

"काय झालाय?"

"यांचा दुखवटा. आठ जुलैला. तो वैध आहे, तीन पाने मत आहे. एकाच व्यक्तीच्या एकाच निधनाचा ठराव मंडळ दोनदा करू शकत नाही."

"अहो पण आता तो खराच मेला न बापा!"

"नोंदीने ते सात महिन्यांपूर्वीच वारले आहेत."

रुपरावांनी इकडेतिकडे पाहिले. दुसरे कोणी आहे का, काका, मामा, सासरा? सभासद एकमेकांकडे आशेने पाहत होते. कोणाच्याही घरी कोणी मेले नव्हते. एकेक करून ते खाली बसले. उभे राहिलेले सभासद पुन्हा खाली बसल्याचे मंडळाने कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

मग ज्या कामाला वर्ष लागले ते चार मिनिटांत झाले. सहावा विषय : रुपराव म्हणाले, ती टाटपट्टी आता झिजून गेली, नसलेल्या वस्तूची चौकशी काय करता? निकाली काढला. सातवा : महादेवरावांनी विचारले, वर्ग चालूच आहे म्हणता? मग मंजूर करायला काय हरकत आहे? एक जुलैपासून मंजूर, सर्वानुमते. आठवा : सातवा मंजूर झाल्याने आपोआप रद्द. नवव्याला कोणी हात लावला नाही. वारलेल्या माणसाला जिवंत करण्यात आता कोणाला रस नव्हता.

"बाई, आज लवकर सुटले," नत्थू बाहेर येऊन म्हणाला. "बोंडे अजून कढईतच आहेत."

यमुताई आत गेल्या. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना कोणी माहिती विचारली. देवपुजारींपुढे मंजुरीचा छापील फॉर्म होता आणि त्यात एक रकाना भरायचा राहिला होता.

"वर्गशिक्षकाचे नाव?"

"दादाजी हेडाऊ."

देवपुजारींनी टाक थांबवला. "ते तर आठ जुलैलाच वारले."

"मंजुरी एक जुलैपासूनची आहे," यमुताई म्हणाल्या. "लिहा. सात दिवस तर तुमच्या नोंदीप्रमाणेही ते जिवंत होते."

देवपुजारींनी नियमांचे पुस्तक ओढले, काही पाने उलटली आणि मिटले. मग त्यांनी नाव लिहिले. यमुताई शाई वाळेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या, त्यांनी कागद पिशवीत टाकला आणि त्या चार वाजायच्या आत व्हरांड्यात होत्या. मुली अपूर्णांकांची उदाहरणे सोडवत बसल्या होत्या. गोपिकेचे सूप रोजच्यासारखे व्हरांड्याबाहेर होते. त्या दिवशी शाळा सुटल्यावर तिने ते उचलले नाही, ते तिथेच राहिले.